खालच्या ओठाची नस

"गाल फुगवा," तो शिकाऊ डॉक्टर म्हणाला.

बायकोने गाल फुगवले.

"असे नाही मामी, जोरात. फुगा फुगवतो ना, तसे."

"फुगा फुगवताना गाल फुगवायचे नसतात," मी म्हणालो. "गाल फुगले की हवा गालातच राहते, फुग्यात जात नाही. ती आत ढकलायला गालात एक स्नायू दिलाय. नाव काय त्याचं?"

त्याने चष्म्याआडून माझ्याकडे बघितलं. पाच वर्षांपूर्वी हाच मुलगा माझ्या डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्याच दिवशी प्रेत बघून भिंतीला टेकून मटकन खाली बसला होता. मी त्याच्या तोंडावर पाणी मारलं होतं आणि बाकीच्यांना सांगितलं होतं, की याला चष्मा आहे म्हणून सगळं दिसतं, तुम्ही नशीबवान.

"बक्सिनेटर," तो म्हणाला.

"चला, एवढं तरी राहिलं डोक्यात."

मी शरीररचना विभागात हॉल अटेंडंट आहे. एकतीस वर्षं झाली. बॉडी टाकीतून काढणं, टेबलावर लावणं, फॉर्मलिन बदलणं, म्युझियमच्या बरण्या पुसणं ही माझी कागदावरची कामं. प्रत्यक्षात या इमारतीतल्या निम्म्या डॉक्टरांना सुरी कशी धरायची हे मी शिकवलंय. प्राध्यापक फळ्यावर चित्र काढतात आणि हात धुऊन चहाला जातात. चेहऱ्याचं कातडं कागदासारखं उलगडून त्याखालची नस न तोडता मोकळी करणं त्यांच्यातल्या एकालाही धड जमत नाही. ते माझ्याकडून करून घेतात आणि बरणीवर स्वतःचं नाव लावतात. मुलं मला मामा म्हणतात. डॉक्टर झाली, गाड्या आल्या, पोटं सुटली, तरी मामाच म्हणतात. त्यामुळे माझी बायको त्या सगळ्यांची मामी.

मामीच्या डाव्या कानाखाली गाठ आली होती, लहान लिंबाएवढी. तिथे लाळेची ग्रंथी असते. गाठ साधी होती, सुईने तपासून झालं होतं, पण वाढत होती. ती काढायलाच हवी होती. आता अडचण अशी, की चेहरा हलवणारी नस कवटीतून बाहेर पडते ती नेमकी या ग्रंथीत शिरते आणि तिच्या आत तिच्या पाच फांद्या होतात. मुलांना मी सांगतो, तळहात कानाखाली ठेवा आणि बोटं गालावर पसरा. अंगठा कपाळाकडे, मग डोळा, मग गाल, मग खालचा ओठ, करंगळी मानेकडे. एक फांदी तुटली की तिच्याकडचा तेवढा चेहरा मेला. तो माणूस उरलेलं आयुष्य एका बाजूने हसतो आणि एका बाजूने पेचात पडलेला दिसतो.

गाठ मला दिसली नव्हती. तिने सांगेपर्यंत दोन वर्षं होऊन गेली होती. दिवसभर चेहरेच बघणारा माणूस घरी आल्यावर पुन्हा कोणाचा चेहरा बघत बसणार, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं आणि मला ते पटलंही.

"भुवया वर करा," चष्मा म्हणाला. "आता डोळे घट्ट मिटा. छान. आता दात दाखवा."

बायकोने तोंडावर हात ठेवला.

"हात काढा ना मामी."

तिने हात जरासा खाली घेतला, वरचे दात क्षणभर दाखवले आणि पुन्हा झाकले. ती नेहमीच अशी. हसली की हात तोंडावर. लाजरी आहे, असं मी धरून चाललो होतो.

"परत एकदा, नीट," तो म्हणाला. "मॅडमनी हसतानाचा फोटो काढायला सांगितलाय. ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा."

"फोटो कशाला? अरे लिही, नॉर्मल. एकोणतीस वर्षं एका घरात राहतोय मी तिच्याबरोबर."

"पण मामा..."

"तू जन्मायच्या आधीपासून मी हे स्नायू सोलतोय. मी बघितलंय म्हणतोय ना?"

त्याने लिहिलं. खालचा ओठ, दोन्ही बाजू, नॉर्मल. कंसात लिहिलं, मामांनी तपासलं. मला ते बरं वाटलं, हे कबूल करतो. एकतीस वर्षांत कुठल्याही सरकारी कागदावर माझ्या तपासण्याची नोंद झालेली नव्हती.

ऑपरेशन कात्री करणार होती.

कात्री हे नाव मी ठेवलेलं. आता ती सर्जरीची विभागप्रमुख आहे, तिच्या दाराबाहेर माणसं दोन दोन तास बसतात, आणि तिच्या तोंडावर मी मॅडमच म्हणतो. पण मी तिला एकोणीस वर्षांची असताना बघितलंय. परीक्षेसाठी प्रत्येकाला एकेक भाग सोलून, रंगवून द्यावा लागतो. नसा पिवळ्या, रोहिण्या लाल, शिरा निळ्या. तिच्या वाट्याला चेहऱ्याची डावी बाजू आली होती. महिनाभर खपून तिने चार फांद्या काढल्या, आणि उरलेली एक, म्हणजे जबड्याच्या कडेने खालच्या ओठाकडे जाणारी, परीक्षेच्या आदल्या दुपारी चरबीचा पापुद्रा समजून कात्रीने कापून टाकली. कापली ती कापली, वर तुकडा कचऱ्याच्या ट्रेमध्ये टाकला. मग ट्रेसमोर उभी राहून रडायला लागली.

"रडून काय होणारेय?" मी म्हणालो होतो. "रडायला लागणारी नस अजून शाबूत आहे म्हणा तुमची."

मी शिवणाचा पांढरा दोरा घेतला, दुपदरी केला, पीळ दिला, पिवळ्या रंगात बुडवला, आणि नसेच्या दोन टोकांमध्ये चिकटवला. दया म्हणून नव्हे. माझ्या हॉलमधून भोंगळ काम बाहेर गेलेलं मला चालत नाही. दुसऱ्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक आले, दोऱ्यावरून चिमटा फिरवून म्हणाले, इतकी स्वच्छ फांदी हल्ली बघायला मिळत नाही. तो नमुना त्यांनी म्युझियममध्ये ठेवायला लावला. तो आजही तिथे आहे. दरवर्षी दीडशे मुलं त्या बरणीसमोर उभी राहून माझ्या दोऱ्याचं चित्र वहीत काढतात, आणि मी मागे उभा राहून त्यांच्याकडे बघतो. एवढी करमणूक मला कुठल्याच नाटकात झालेली नाही.

तेव्हापासून मला डॉक्टर या जातीबद्दल काडीचाही आदर उरला नाही. मी त्यांचे चेहरे बघतो आणि कुठला स्नायू काम करतोय ते मोजतो. डीन हसतात ते फक्त ओठांनी, डोळ्यांभोवतीचा स्नायू जागचा हलत नाही. म्हणजे हसू खोटं. फार्मसीतला माणूस एक नाकपुडी उचलून बोलतो. एखादा चेहरा जरा वेगळा दिसला, की मी मुलांना म्हणतो, हा बरणीत घालून ठेवण्यासारखा आहे. मुलं हसतात. हे वाक्य माझं ठरलेलं आहे, वर्षातून चारपाच वेळा तरी होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी कात्रीच्या केबिनमध्ये गेलो. बसा म्हणाली, मी बसलो नाही.

"चौथी फांदी सांभाळा, मॅडम. जबड्याची."

"माहितीये, मामा."

"माहिती तेव्हाही होती."

तिने पेन खाली ठेवलं. मग मान हलवली. मी बाहेर आलो आणि जिना उतरताना मला फार हलकं वाटत होतं. वीस वर्षं जपून ठेवलेली गोष्ट योग्य ठिकाणी वापरल्याचं समाधान होतं ते.

दुसऱ्या दिवशी साडेआठला बायकोला आत नेलं. बाहेर बाकावर नातेवाईक बसले होते. एक बाई तोंडात रुमाल कोंबून बसली होती. एक माणूस दर पाच मिनिटांनी उठून दरवाजाच्या काचेतून आत बघायचा, जणू त्याच्या बघण्याने आतली माणसं नीट काम करणार होती. मला त्यांची कीव आली. दहाच्या सुमारास मी स्वतः उठून काचेतून आत बघितलं. मला भीती वाटत होती. हे सांगायला लाज वाटते. ती जगेल याची मला खात्री होती. भीती तिच्या चेहऱ्याची होती. आतल्या त्या फांद्या किती बारीक असतात, हे बाकावरच्या इतर कोणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. शिवणाच्या दोऱ्याएवढ्या.

एक वाजता कात्री बाहेर आली. गाठ पूर्ण निघाली, सगळं ठीक आहे, असं म्हणाली आणि गेली. कपाळावर आठी होती. ती आठी मी बरोबर टिपली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळी फौज राऊंडला आली. पुढे कात्री, मागे चष्मा आणि आणखी चार जण. बायकोच्या डोक्याभोवती पट्टी होती. उजव्या हाताला सलाईन, डाव्या हातावर सिस्टर रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होती.

"भुवया वर," कात्री म्हणाली. झाल्या. "डोळे घट्ट." मिटले. मी श्वास सोडला. "गाल." फुगले. "आता दात दाखवा, मामी. नाही जमणार? बरं, मग या चष्म्याकडे बघा. काल हा तुमच्या शेजारच्या बाईंना साहेब म्हणाला."

बायकोला हसू आलं. उजवा हात उचलायला गेली तर सलाईनची नळी ताणली गेली, डावा हात सिस्टरच्या ताब्यात. हात आलाच नाही. ती तशीच हसली.

उजवीकडे खालचा ओठ खाली गेला, दात दिसले. डावीकडे ओठ होता तिथेच राहिला. सगळं तोंड उजवीकडे तिरकं झालं.

मी कोणीही सांगायच्या आधी ओळखलं. चौथी फांदी.

कात्रीने खाली वाकून पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे वळली.

"मामा, एक विचारायचं होतं. मामी आधीपासून अशाच हसायच्या का?"

"म्हणजे?"

"मी ती फांदी पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांनी बघितलीये. धक्का लागलेला नाही. पण नस चालते का ते बघायच्या मशीनची सुई लावली तर बाकीच्या चारही फांद्यांनी चेहरा हलला, हिच्याने ओठ हलला नाही. मला कळेना. त्या एका फांदीपाशी मी चाळीस मिनिटं काढली. म्हणून विचारते, आधीपासून होतं का?"

"कागदावर नॉर्मल लिहिलंय," चष्मा हळूच म्हणाला. "मामांनी तपासलं होतं."

मला राग आला आणि रागाबरोबर एक आनंदही झाला. तो आनंद मी नाकारत नाही. वीस वर्षं मी मनात हेच म्हणत होतो.

"मॅडम, सरळ सांगा ना कापलीत म्हणून," मी म्हणालो. आवाज चढला होता, पलीकडच्या खाटांवरची माणसं बघायला लागली. "ही काय पहिली वेळ आहे? तीच नस, तीच बाजू. तेव्हा दोरा लावायला मी होतो. आता इथे काय लावू?"

तिच्या मागची मुलं एकमेकांकडे बघत होती. मला वाटलं ती लाल होईल, ओरडेल, मला बाहेर काढेल. तिने हातातली फाईल खाटेच्या कडेला ठेवली.

"तुम्हाला कळलं नसेल, म्हणून सांगते," ती त्या मुलांना म्हणाली. "पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मी ही फांदी कापली होती. मामांनी तिथे दोरा रंगवून लावला, आणि मी पास झाले. म्युझियममध्ये चाळीस नंबरच्या बरणीत आहे तो. तुम्ही सगळ्यांनी त्याचं चित्र काढलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या दिवसापासून या ठिकाणी माझा हात घाईने चालत नाही, मामा. म्हणून चाळीस मिनिटं."

माझ्याकडे तिच्याविरुद्ध होतं तेवढं तिने पाच वाक्यांत संपवून टाकलं. वीस वर्षं मी ते उराशी धरून बसलो होतो.

"मामी, तुम्हालाच विचारते," ती म्हणाली.

ऑपरेशनच्या वेळी घशात घातलेल्या नळीमुळे बायकोचा घसा बसला होता. तिने आधी थोडं पाणी मागितलं. सिस्टरने चमच्याने दिलं.

"जन्मापासून आहे," ती म्हणाली. "डावा ओठ खाली जातच नाही. आईला वाटायचं लहानपणी पडले असेन. पण पडलेबिडले नाही, तिथे काही नाहीचे म्हणे. यांना माहितीये. यांनीच तर सांगितलं मला."

"मी?" मी म्हणालो. "कधी सांगितलं?"

"लग्नाला महिना झाला होता. तुमच्या हॉलमधले तिघे चहाला आले होते. कोणीतरी काहीतरी बोललं आणि मी हसले. तुम्ही माझी हनुवटी धरली, त्यांच्याकडे वळवली. म्हणालात, हे बघा, इकडचा ओठ खाली ओढणारा स्नायूच नाही, जन्मतःच नसतो एखाद्याला. फार दुर्मीळ. हिला बरणीत घालून म्युझियममध्ये ठेवायला हवी." ती थांबली. बोलताना पट्टी ओढली जात होती. "हसले सगळे. तसे चांगले होते ते. त्यातले एकजण जाताना मला सॉरी म्हणाले."

तिच्या आवाजात राग नव्हता. हरवलेली किल्ली कुठे ठेवली होती हे सांगावं, तसं तिने सांगितलं.

मला आठवत नव्हतं. चहा, ते तिघे, हनुवटी, काहीच नाही. मी खूप शोधलं. पण मी तसं बोललो असेन याबद्दल मला शंका आली नाही. वाक्य माझंच होतं. गेल्याच आठवड्यात मी ते एका मुलाबद्दल म्हटलं होतं.

"म्हणजे नस ठीक आहे," कात्री म्हणाली. तिने मोठा श्वास सोडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा मी स्नायू न मोजता बघितला. थकलेली बाई होती ती. "मामी, तुम्हाला काही झालेलं नाही. टाके निघाले की घरी." जाता जाता तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला शिवीपेक्षा जड गेला.

चष्मा मागे राहिला. त्याने कागदावर नॉर्मल खोडलं आणि त्यावर जन्मतः असं लिहिलं. मग मामांनी तपासलं यावरही एक रेघ मारली. माझ्याकडे न बघता मारली, एवढं सौजन्य त्याने दाखवलं.

सगळे गेल्यावर मी स्टूलावर बसलो. एकोणतीस वर्षं. लग्नात, बारशात, शेजारणीशी गप्पा मारताना, टीव्ही बघताना, प्रत्येक वेळी तो हात. जगातल्या कुठल्याही माणसाचं हसू खरं की खोटं हे सांगायला निघालेला मी, आणि माझ्या घरातलं हसू मी स्वतः झाकून टाकलं होतं आणि वर त्याला लाजरेपणा म्हणत होतो. दोऱ्याचं चित्र काढणाऱ्या पोरांना मी मूर्ख समजत होतो. त्यांना निदान समोरची बरणी बघायची सवय तरी होती.

"अगं," मी म्हणालो, "ते मी तेव्हा जे..."

"जाऊ दे हो."

"नाही, पण मी..."

"चहा मिळेल का इथे कुठे?" ती म्हणाली. "तीन दिवस झाले चांगला चहा प्यायले नाही. डॉक्टर घ्या म्हणाल्यात. साखर कमी सांगा."

मी कँटीनला गेलो. रांग होती. काउंटरवरच्या माणसाने नेहमीसारखं, काय मामा, आज इकडे कसे, असं विचारलं. त्याच्या हसण्याबद्दल माझ्याकडे एरवी बोलायला पुष्कळ असायचं. मी दोन कप घेतले, वर बशा झाकल्या आणि परत निघालो.

वॉर्डाच्या दारापाशी आलो तेव्हा सलाईन काढलेली होती. तिचे दोन्ही हात मोकळे होते, चादरीवर पडलेले. शेजारच्या खाटेवरची ती साहेब झालेली बाई काहीतरी सांगत होती, बहुतेक त्या चष्म्याचंच, आणि माझी बायको हसत होती. पट्टीमुळे दुखत असणार, मधेच आई गं म्हणत होती आणि पुन्हा हसत होती. ओठ उजवीकडे खाली गेलेला, दात दिसत होते, डोळे बारीक झाले होते. तोंड तिरकं होतं. हात चादरीवरच होते.

मग तिने दाराकडे बघितलं. मी दिसलो, आणि तिचा हात वर गेला.

मी दोन पावलं मागे सरलो, भिंतीच्या आड. कप हातात होते. चहा चांगला गरम होता, पण घाई करण्यासारखं काही नव्हतं. थोड्या वेळाने आतून दोघींचं हसणं परत ऐकू यायला लागलं, तेव्हा मी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि तिथेच उभा राहिलो.